काडी मोडल्यानंतरचा घोट

निकाल ऐकून बाहेर आल्यावर आईनं चपला काढल्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मांडी घालून बसली. त्याआधी प्रत्येक तारखेला ती त्याच बाकाच्या कडेला टेकायची, पाय खाली सोडून, पिशवी पोटाशी धरून. कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं, अशी. त्या दिवशी पिशवी बाजूला ठेवून ती म्हणाली, "भूक लागली. इथं वडा बरा कुठं मिळतो?"

सीबीएस बसस्थानकाच्या बाजूला एका गाडीवर आम्ही वडापाव खाल्ला. वडा गार होता. तिनं दोन खाल्ले, मिरचीसकट. वडील गेल्यापासून तिला एका वेळी इतकं खाताना मी पाहिलं नव्हतं.

माझं माहेर हरसूलच्या पुढे, डोंगरात. आम्ही कोकणा जमातीचे. आश्रमशाळेत शिकून मी नाशिकला नर्सिंग केलं आणि इथंच राहिले. आता एका रुग्णालयात सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. मी आईवडिलांची एकुलती एक. वडिलांच्या नावावर थोडी भाताची खाचरं, वरच्या उतारावर नागली-वरईची जमीन, बांधावर आंबे आणि या सगळ्याच्या मधोमध घर. वडील वारले तेव्हा आई सत्तरी ओलांडलेली होती. मी तिला नाशिकला आणलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. तिला दिवसभर जमीन कुठं आहे तेच कळेना. ती जिना उतरून खाली पार्किंगमध्ये, वॉचमनच्या खुर्चीशेजारी भुईवर बसायला लागली. सोसायटीच्या अध्यक्षांनी मला बोलावून "तुमच्या आईंना काही त्रास आहे का?" असं विचारलं. त्याच आठवड्यात मी तिला गावी सोडून आले. आजारी माणूस कुठं बरा होतो, ते मला धंद्यानं कळतं.

मग सातबाऱ्यावर वारस नोंद करायला अर्ज दिला. विधवा म्हणून आईचं नाव, मुलगी म्हणून माझं. साधं काम. पण हरकत आली. हरकत घेणारा माझा चुलतभाऊ, वडिलांच्या भावाचा मुलगा, घर आमच्या घराला लागून. हरकतीत लिहिलं होतं की सदर स्त्रीचं आधी दुसऱ्या गावच्या इसमाशी लग्न झालं होतं, त्याच्याशी घटस्फोट झाल्याचा कुठल्याही न्यायालयाचा आदेश नाही, सबब सदर स्त्री मयताची पत्नी ठरत नाही. म्हणजे आई विधवा नाही आणि माझंही लेक असणं कच्चंच. मग जवळचा वारस कोण? पुतण्या.

आईचं आधी लग्न झालं होतं हे आमच्याकडे कुणी लपवलेलं नव्हतं. पहिला नवरा मारायचा. जमातीच्या रीतीनं काडीमोड झाली, नंतर वडिलांनी तिच्याशी पाट लावला. पाट म्हणजे आमच्यातलं दुसरं लग्न. मग मी झाले. आमच्या भागात अशा बाया घरटी सापडतील. पन्नाशी ओलांडल्यावर आपण कुणाची मुलगी आहोत हे सिद्ध करायची पाळी येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी चुलतभावाला अंगणात गाठलं.

"ताई, तुझ्यावर राग नाय," तो म्हणाला. "कायदा तसा हाय."

"कुठला कायदा?"

"तो आता मला पाठ नाय. पण हाय."

त्याला कुणीतरी शिकवलं होतं हे उघड होतं. गावावरून जाणारा रस्ता रुंद होणार होता, रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आला होता, आणि तो तीन मुलींचा बाप. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी फार विचार केला नाही. माझी बाजू ठरलेली होती.

मंडळ अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. माणूस शांत होता. "आजी, घटस्फोटाचा हुकूमनामा आणा, मी लगेच नोंद मंजूर करतो."

"काडीमोड झालती ना," आई म्हणाली.

"झाली असेल हो. पण कुठल्या कोर्टात?"

"पळसाखाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. हसले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. "पळसाखालच्या कोर्टाचा शिक्का नसतो, आजी. तुम्ही दिवाणी न्यायालयात जा. तिथनं काय ते ठरवून आणा. तोवर मी कुणाचंच नाव लावत नाही."

तर असं आम्ही नाशिकला कोर्टात आलो. वकील बाई माझ्यापेक्षा लहान, नाशिक शहरातच वाढलेल्या, बोलणं नेमकं. त्यांनी पहिल्याच भेटीत मला धीर दिला. हिंदूंच्या लग्नाचा आणि वारशाचा जो कायदा आहे तो अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. आमचं लग्न, आमची काडीमोड, आमचा वारसा हे सगळं आमच्या रूढीनं ठरतं आणि कोर्ट ती रूढी मानतं. आमच्या रूढीनं विधवा जिवंत असेपर्यंत जमीन तिच्याकडे. त्यामुळे न्यायालयाचा घटस्फोट नाही म्हणून आई बायको नाही, हे म्हणणं टिकणार नाही.

"मग झालंच की," मी म्हणाले.

"झालं नाही. रूढी आहे, ती जुनी आहे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत ती शेवटपर्यंत पाळली गेली, हे तिन्ही सिद्ध करावं लागेल. साक्षीदार कोण आहेत?"

पहिला नवरा कधीच वारला होता. पंचही सगळे गेले होते. त्या दिवशी तिथं हजर असलेला एकच माणूस जिवंत होता, पहिल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. तेव्हा विशीतला, आता पंचाहत्तरीचा. गळ्यात तुळशीची माळ, पंचक्रोशीत बुवा म्हणून ओळख, भजनी मंडळाचा प्रमुख. मी त्याला भेटायला गेले तर तो लगेच तयार झाला. "सांगतो की. खरं ते सांगायला काय लागतं?" पहिल्या नवऱ्याच्या घरातलाच माणूस आपल्या बाजूनं साक्ष देतोय म्हटल्यावर वकील बाई खूश. त्यांनी आईला एवढंच बजावलं, "कोर्टात त्यांना भावजी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काहीच म्हणू नका. त्यांच्याशी बोलूच नका."

"बरं. पण त्यो मला वहिनी म्हणाला तर?"

वकील बाईंनी बुवालाही बजावलं.

आता काडीमोड काय असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दोन्ही गावचे पंच एकत्र बसतात. भांडण ऐकतात, समजावून बघतात. नाहीच जमलं तर नवऱ्याच्या घराच्या छपरातली गवताची एक काडी काढून आणतात. एक टोक नवऱ्याच्या हातात, एक बायकोच्या. दोघं ओढतात, काडी मोडते. मग देज, म्हणजे लग्नात मुलीसाठी दिलेला पैसा, कुणी कुणाला परत द्यायचा ते ठरतं. आणि शेवटी मोहाची दारू येते. आधी थोडी जमिनीवर, देवाला. मग पळसाच्या पानाच्या द्रोणात दोन्हीकडचे पंच, आणि नवरा, एका मडक्यातली पितात. घोट घेतला की मिटलं. त्यानंतर कुणी कुणावर हक्क सांगायचा नाही.

हे मी वकील बाईंना सगळं सांगितलं होतं. त्यांनी दारूपर्यंत लिहून घेतलं आणि मग दारूवर रेघ मारली. "हे नको. नशेत काडी मोडली असा अर्थ समोरचे काढतील. मुद्द्याचं तेवढं ठेवू." मलाही ते पटलं. शहरात राहून आदिवासी म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आधी दारू दिसते, हे मला चांगलं माहीत आहे. आमच्या वॉर्डातही शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. त्यामुळे प्रतिज्ञापत्रात गेलं ते असं: पंचांच्या साक्षीने, शांततेत व पूर्ण शुद्धीत काडीमोड झाली.

तारखांना आम्ही सगळे एकाच जीपनं यायचो. गावाकडून नाशिकला यायला सकाळी तीच एक सोयीची काळीपिवळी. वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर, गुडघ्याला गुडघा. वाटेत गिरणारे गाव आलं की टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्यांमुळे जीप थांबायची, आणि आई फडक्यातली नागलीची भाकरी सोडून चुलतभावाच्या हातावर अर्धी ठेवायची. गावी मुक्कामाला असले की मीही त्याच जीपमध्ये. एकदा मी तिला म्हणाले, "अगं, तो तुला घराबाहेर काढतोय."

"काढंल तवा काढंल. आता भुकेला हाय."

तो मान खाली घालून खायचा.

आईची साक्ष चांगली झाली. विचारलं तेवढंच बोलली. मग बुवा. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. सगळं सरळ सांगितलं. भाऊ कसा मारायचा, पंच कसे बसले, काडी कुणी काढून आणली. समोरचे वकील उलटतपासणीला उठले आणि इकडचं तिकडचं विचारून शेवटी म्हणाले, "काडी मोडल्यानंतर पंचांनी दारू घेतली?"

बुवाचा हात माळेवर गेला. "नाय."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाय. आमच्या घरात दारू शिवत नाय कुणी."

"ठीक आहे," म्हणत वकील बसले. आमच्या बाई मला खुणेनं म्हणाल्या, छान झालं. मलाही वाटलं, प्रतिज्ञापत्राशी अगदी जुळलं.

पुढच्या तारखेला समोरच्यांनी त्यांचा साक्षीदार आणला. आमच्याच जमातीतला एक वयस्क माणूस, अनेक काडीमोडींत पंच म्हणून बसलेला. त्यानं जमातीची रूढी अगदी बारकाईनं सांगितली. खोटं एक अक्षर नव्हतं. आणि मग तो म्हणाला, "घोट घेतल्याबिगर काडीमोड पक्की होत नाय. तवर नवरा बायकोला परत नेऊ शकतो. काडी कितीबी मोडा."

आमच्या बाई लिहायच्या थांबल्या. मला आधी कळलं नाही, मग कळलं. आमचाच साक्षीदार म्हणाला होता की घोट झाला नाही. म्हणजे काडीमोड कच्ची राहिली. म्हणजे आई पहिल्या नवऱ्याच्याच घरची, वडिलांची कुणी नाही. आम्ही धुऊनपुसून स्वच्छ केलेली गोष्ट नेमकी तिथंच भोक पडून हातात आली होती.

जीपमध्ये चुलतभाऊ समोरच बसला होता. त्यालाही नीट उमगलं नव्हतं. "ताई, वकील खुशीत हाय. काय झालं गं?" मी बाहेर बघत राहिले. घरी पोचल्यावर, चूल पेटवता पेटवता ती म्हणाली, "खोटं बोलला."

"कोण?"

"बुवा. त्यानंच तर वाढली हुती समद्यांना."

"मग तू आधी का नाही बोललीस?"

"तुमी म्हणालात ना, दारूचं बोलायचं नाय."

वॉर्डात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणारे डॉक्टर पेशंटला विचारतात, दारू घेता का? बायको, मुलगा, सून कॉटभोवती उभे. पेशंट म्हणतो, छे. डॉक्टर लिहितात, नाही. मी संध्याकाळी नातेवाइकांना चहाला पिटाळते आणि पडदा ओढून विचारते, "किती घेता?" नव्वद टक्के वेळा उत्तर बदलतं. खोटं बोलणारा माणूस वाईट असतो असं नाही. त्याच्याभोवती माणसं असतात. बुवा ज्या दिवशी साक्ष देत होता त्या दिवशी मागच्या बाकांवर त्याच्या गावची पाचसहा माणसं बसली होती, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. गावातली दारूबंदी बुवानं केली होती. भट्ट्या त्यानं स्वतःच्या हातानं फोडल्या होत्या. ती माणसं त्याच्या मंडळाची.

सुट्टी काढून मी त्याच्या गावी गेले. पिशवीत बीपीचं मशीन होतं. घर भरलेलं, सून चहा टाकायला उठली. मी म्हणाले, "आधी बुवांचं बीपी बघते. जरा सगळे बाहेर बसा, गोंगाटात आकडा चुकतो." आकडा गोंगाटात थोडा चुकतोच, त्यामुळे तेही अगदी खोटं नव्हतं.

पट्टा बांधला, फुगवला. बीपी चांगलंच वर होतं. मी पट्टा सोडला नाही.

"बुवा, त्या दिवशी किती घेतली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे.

"आयनं सांगितलं?"

"हो."

"पोरी, मी बायाबापड्यांना सांगितलं, तुमच्या नवऱ्याची दारू सोडवतो. पोरांना माळा घातल्या. आता भर कोर्टात म्हणू, मी प्यायलो?"

"तुम्ही विशीत प्यायलात. माळ नंतरची आहे."

"गाव असं हिशोब करत नाय."

"तुम्ही नाही सांगितलंत तर आईचं घर जाईल."

त्यानं दंडावरचा पट्टा स्वतःच ओढून काढला. "बघू," एवढंच म्हणाला. मी चहा प्यायले, सुनेला मीठ कमी करायला आणि सरकारी दवाखान्यातनं गोळ्या आणायला सांगितलं आणि निघाले.

आईला सांगितल्यावर ती माझ्यावरच चिडली. "कशाला गेलीस? म्हाताऱ्याची अब्रू काढू नको."

"मग जमीन जाऊ दे?"

"जाऊ दे."

"आणि राहशील कुठं? पार्किंगमध्ये?"

ती सूप घेऊन वरई पाखडायला लागली. स्वतःचं घर जात असताना ती एका परक्या म्हाताऱ्याची अब्रू का सांभाळत होती, ते मला समजेना. त्या काही आठवड्यांत माझी झोप कमी झाली. वॉर्डात मी एका नवीन सिस्टरवर विनाकारण ओरडले. द्वारका चौकातल्या सिग्नलला स्कूटरवर थांबले की मनात एकच फिरायचं, तिला कुठं ठेवायचं, कुठं ठेवायचं.

दरम्यान वकील बाईंनी चूक मान्य केली. "रेघ मी मारली होती," असं त्या आपणहून म्हणाल्या आणि साक्षीदाराला परत बोलावायचा अर्ज केला. समोरच्यांनी विरोध केला. न्यायाधीश मॅडमनी परवानगी दिली. पण परत येऊन तो काय बोलेल, ते कुणालाच माहीत नव्हतं.

बुवा आला. त्याच्या मंडळाची माणसंही आली, जरा जास्तच. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि शपथ झाल्यावर म्हणाला, "मॅडम, एक इनंती हाय. आमच्या गावची मंडळी बाहेर बसवा."

"का?"

"मला जे सांगायचं ते त्यांच्यापुढं सांगाया लाज वाटते."

"बाबा, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. कुणाला बाहेर घालवता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. दोन्ही हातांनी कठडा धरला. मग बोलला ते मी जमेल तसं लिहिते.

"त्या दिवशी मोहाची होती. दोन मडकी. द्रोणात मीच ओतली. पंचांनी घेतली. माझ्या भावानं द्रोण धरला, पण तोंडाला लावीना. घोट घेतला नाय तर काडीमोड कच्ची, हे त्याला माहीत. दुसऱ्या दिवशी तो हिला वढत आणणार, हे समद्यांना माहीत. पंच गप. मग मी त्याच्याम्होरं बसलो. माझा द्रोण भरला. म्हटलं, दादा, तू नाय घेतलीस तर आजपासून मी तुझ्या घरचं पाणीबी पिणार नाय. आन मी प्यायलो. त्याच्याकडं बघत प्यायलो. मग तो प्यायला. ही पलीकडं उभी हुती. त्याचा द्रोण खाली पडला तशी ही चालाया लागली. मागं वळून बघितलं नाय."

समोरचे वकील ताडकन उठले. "मागच्या वेळी तुम्ही शपथेवर खोटं बोललात?"

"व्हय."

"मग आजचं खरं कशावरून?"

"वकीलसाहेब, सोताची अब्रू घालवाया कोण खोटं बोलतं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. मॅडमनी नजर वर केली, हसू थांबलं. वकिलांनी अजून दोन प्रश्न विचारले, मग बसले.

मी आईकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दोन नाय. तीन मडकी हुती." मग पदरानं नाक पुसलं. मी त्याच्याकडे गेलेलं तिला का नको होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या माणसानं एकदा तिच्यासाठी पुरेसं केलं होतं. दुसऱ्यांदा मागणं तिला जमत नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात मंडळाची माणसं बुवाभोवती जमली. मी जवळ सरकले, गरज पडली तर मध्ये पडावं म्हणून. एक तरणा दात काढत म्हणाला, "बुवा, मग चव कशी हुती?"

"लय वाईट," बुवा म्हणाला. "म्हणून तर बंद केली."

सगळे हसले, तोही हसला, आणि टोपी नीट करून सीबीएसकडे चालू लागला. पुढं काही झालं नाही. भजनी मंडळात तोच प्रमुख आहे. आई त्याच्याशी त्या दिवशीही बोलली नाही. वकील बाईंनी मनाई उठवली नव्हती, असं तिचं म्हणणं.

निकालात मॅडमनी जे लिहिलं त्यातला मुख्य भाग बाईंनी आम्हाला सोपा करून सांगितला. घोट घेतला की काडीमोड पक्की, ही रूढी प्रतिवादीच्याच साक्षीदारानं सिद्ध केली होती. घोट घेतला गेला, हे आमच्या साक्षीदारानं. म्हणून काडीमोड पूर्ण, त्यानंतरचा पाट वैध, आई विधवा, मी मुलगी. समोरच्यांनी आमच्यासाठी अर्धं काम करून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "आता मी कुठल्याच रूढीवर रेघ मारणार नाही." मग आम्ही वडापाव खायला गेलो, ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

परतीची जीप तीच. चुलतभाऊ आधीच येऊन बसला होता. आम्ही चढलो तसा तो सरकला. गिरणाऱ्याला जीप थांबली. मग तो म्हणाला, "काकी, अपील नाय करत मी. म्हातारा खोटं बोलत नव्हता."

आई त्याच्याकडे वळली. "काकी म्हणालास?"

"मग काय म्हणू?"

"हरकत घेताना काय म्हणालास?"

"ते वकिलानं लिहिलं. मी नाय."

"काय लिहिलं? सांग की."

तो ओशाळला. मला हसू आवरेना, मीच म्हणाले, "सदर स्त्री."

"सदर म्हंजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे हीच ती. वर सांगितलेली."

तिनं जरा विचार केला. "चांगलं हाय," म्हणाली, आणि फडकं सोडून भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. वडापाव खाऊनही तिनं भाकरी घेतलेलीच होती.

नोंद मंजूर झाली तेव्हा मंडळ अधिकाऱ्यांनी आईला उतारा हातात दिला आणि "आजी, पळसाखालचं कोर्ट जिंकलं," असं म्हणाले. तिला वाचता येत नाही. तिनं स्वतःचं नाव कुठं आहे तेवढं बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि घडी करून पिशवीत टाकला. मी लॅमिनेशन करून देते म्हणाले, तर म्हणाली, कशाला, सरकारकडं हाय की.

उतारावरची जमीन चुलतभाऊ अर्ध्या वाट्यानं कसतो. त्याच्या मुली आंबे पाडायला आमच्या बांधावर येतात आणि आईच्या शिव्या खातात. मी महिन्यातून एकदा जाते, आईची शुगर बघते, वाटेत बुवाचं बीपी बघते. गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली असतात, पण आकडा खाली आलाय. मी त्याला काही बोलत नाही, गोळ्या मात्र पुन्हा पुन्हा हातात देते.

ड्युटी संपली की रोज फोन करते. वाजतो, बराच वेळ वाजतो. पूर्वी मी तो कापून पुन्हा पुन्हा लावायचे. आता वाजू देते. ती खाचरात असते, किंवा अंगणात, कुठंतरी जमिनीवर. मग फोन उचलला जातो.

"कोण बोलतंय?" मी विचारते.

"सदर स्त्री," आई म्हणते. "लवकर बोल, भात झोडायचा राहिलाय."